वाफवलेली मोटरसायकल

नवऱ्याने खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढला, मोटरसायकलच्या सीटवरून फिरवला आणि मग त्या रुमालाकडे असं काही पाहिलं की गाडी विकायला बसलेला म्हातारा लाइनमन उगीचच ओशाळला.

“धूळ आहे,” नवरा म्हणाला.

“गाडी आहे ती, साहेब,” लाइनमन म्हणाला. “रस्त्यावर फिरते. धूळ बसायचीच.”

“बसायची म्हणून बसू द्यायची असते का?”

लाइनमनने नवऱ्यामागे उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. तिने अंगणातल्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गावी नांदत होती, तरी परक्या माणसासमोर हा रुमाल बाहेर आला की तिला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होई. पहिल्यांदा माहेरी जेवायला बसला तेव्हाही त्याने असाच रुमाल काढून ताट पुसून घेतलं होतं. तिच्या आईने ते ताट त्याच दिवशी माळ्यावर टाकलं आणि पुन्हा कधी खाली काढलं नाही.

गाडीशेजारी तिचा धाकटा भाऊ उकिडवा बसला होता. पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, आणि जुन्या मोटरसायकली हा त्याचा रविवारचा नाद. ही गाडी शोधून काढली होती ती त्यानेच. त्याने उठून किक मारली. पहिल्या दोन किका फुकट गेल्या, तिसऱ्या किकेला गाडी खोकली आणि मग एका लयीत चालू लागली. भावाने कान इंजिनाजवळ नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

“ताई, इंजिन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “क्लच प्लेटा गेल्यात, केबली बदलायला लागतील, टायर तर पार टकले झालेत. पण ते सगळं हातचं काम आहे. रोज जायला-यायला याहून बरी गाडी मिळायची नाही तुम्हाला.”

“आधी हात धू,” नवरा म्हणाला.

गाडी हौसेखातर घ्यायची नव्हती. दोघंही एकाच हॉस्पिटलात नोकरीला होते. ती तळघरातल्या लॉन्ड्रीत, तो दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनची अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या खोलीत. आता हॉस्पिटलने शहराबाहेर, बायपासच्या पलीकडे नवी इमारत बांधली होती, आणि सगळ्यात आधी हे दोन विभाग तिकडे हलणार होते. वॉर्ड आणि ऑपरेशनच्या खोल्या मागाहून. बस बायपासच्या अलीकडूनच परत फिरायची. तिथून पुढे नुसतं माळरान, आणि तिचे गुडघे तर तळघराचा जिना चढतानाही कुरकुरायचे. त्यात नव्या लॉन्ड्रीत मोठी यंत्रं येणार होती आणि माणसं कमी लागणार होती. मुकादमबाईंनी सगळ्या बायकांना एका रांगेत उभं करून सांगून टाकलं होतं, “पहिल्या सोमवारी पहिल्या पाळीला जी हजर, ती कामावर. जी नाही, ती घरी. वरून आलंय तेच सांगतेय, माझ्याशी भांडू नका.”

तिला पेन्शनला तीन वर्षं उरली होती. पण पेन्शन ही बोलायची गोष्ट झाली. नोकरी सुटली असती तर दिवसाचे चोवीस तास त्या घरात आणि त्या रुमालाच्या ताब्यात काढावे लागले असते, आणि या विचाराने तिच्या अंगावर काटा यायचा. साठवलेले सगळे पैसे तिने लाइनमनच्या हातात ठेवले ते यासाठी. नवऱ्याने पैसे दिले नाहीत, पण दिलेल्या नोटा मळक्या असल्याचं मात्र त्याने लाइनमनच्या देखत बोलून दाखवलं.

हॉस्पिटलात त्याला सगळे ‘निर्जंतुक’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. चेष्टेलाही बढती समजणारी माणसं असतात, त्यांतला तो एक. काम मात्र चोख. त्याच्या हातून गेलेल्या अवजारांबद्दल कुठल्या सर्जनने कधी ब्र काढला नव्हता, आणि हे त्याचं एक कौतुक तीही मनातल्या मनात करायची. पण आठ तास अवजारं उकळून माणसाचं समाधान झालं असतं तर घरी येऊन त्याने बायको उकळायला घेतली नसती. ती कामावरून आली की चपला जिन्यात, कपडे मोरीच्या दाराआड, आंघोळ झाल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. ‘रोग्यांच्या चादरी हाताळून येतेस तू,’ हे वाक्य तर रोजचंच. एकदा ती म्हणाली होती, “ज्या ऑपरेशनची अवजारं तुम्ही धुता, त्याच ऑपरेशनच्या चादरी मी धुते.” त्यावर तो एवढंच म्हणाला होता, “फरक आहे.” काय फरक आहे ते त्याने आजतागायत सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पुढचे दोन रविवार भाऊ घराच्या मागच्या अंगणात ठाण मांडून बसला. त्याने क्लच उघडला, जळक्या प्लेटा काढून नव्या घातल्या. ब्रेकचे लायनर बदलले. कार्बोरेटर सोडवून त्यातली केसाएवढी भोकं तारेने मोकळी केली. नवे टायर चढवले. ती त्याला पाने देत होती, बॅटरी धरत होती, हळूहळू कुठला पाना कुठे लागतो हे तिला न सांगता कळायला लागलं, आणि तिची दुपार कशी गेली ते तिलाही समजलं नाही. चाकाची बेअरिंगं दाखवून भाऊ म्हणाला, “हे बघ, सगळी गाडी या गोळ्यांवर फिरते.” आणि त्याने डब्यातलं ग्रीस अंगठ्याने त्या गोळ्यांच्या फटींत दाबून दाबून भरलं. कोपरापर्यंत त्याचे हात काळे झाले होते.

नवरा दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याचे पाय खुर्चीच्या दांडीवर होते, कारण अंगणात तेल सांडलेलं. तिथूनच तो नाकाने कांदे सोलत होता. तो पाना इकडे का ठेवलास, ते फडकं केव्हाचं आहे, या नटांना काही क्रम असतो की नाही.

“भावोजी,” भाऊ मान वर न करता म्हणाला, “तुम्ही आत बसा. इथले जंतू लई जुने आहेत, ओळख नसलेल्या माणसाच्या अंगावर येतात.”

ती फडक्यात तोंड खुपसून हसली. नवऱ्याने ऐकलं नाही असं दाखवलं. ही त्याची आणखी एक खुबी.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी भावाने तिला मागे बसवून गाडी पार बायपासपर्यंत नेऊन आणली. गाडी इतकी सरळ आणि शांत चालली की परत येताना तिने भावाचा खांदा सोडून हात मांडीवर ठेवले. अंगणात उतरल्यावर भावाने किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

“आता हिला उघडायचं नाही. तेल बघत राहा, हवा बघत राहा. काही आवाज आला तर मला फोन करा.”

“म्हणजे आमच्याच गाडीला आम्ही हात लावायचा नाही?”

“हात लावा की. पाना लावू नका.”

झालं. एवढं बोलणं पुरलं. ज्याच्या नखांत कायमचं काळं असतं त्या माणसाने आपल्याला काय करू नये ते सांगावं, हे निर्जंतुकाच्या नाकाला झोंबलं. भाऊ गेल्यावर त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चेनजवळ वाकून बोट लावलं, बोटाकडे पाहिलं आणि तडक मोरीत गेला. साबणाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

शुक्रवारी ती कामावरून आली तेव्हा गाडी विटांवर चढवलेली होती आणि तिची दोन्ही चाकं भिंतीला टेकून उभी होती. जमिनीवर जुने पेपर अंथरून त्यांवर सुटे भाग एकाखाली एक असे मांडले होते. नवऱ्याने रजा टाकली होती. हातांत रबरी मोजे, तोंडाला मास्क, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने तो चेनची एक एक कडी घासत बसला होता. एका बादलीत रॉकेल, दुसऱ्या बादलीत साबणाचं कढत पाणी.

तिने कपाळाला हात लावला. “अहो, हे काय मांडलंय? सोमवारी जायचंय आपल्याला.”

“म्हणूनच. तुझ्या भावाने काय करून ठेवलं होतं माहितेय? बेअरिंगात बोटभर चिखल कोंबला होता.”

“तो चिखल नाही, ग्रीस आहे. माझ्यासमोर भरलंय त्याने.”

“ग्रीस म्हणजे काय? धूळ धरून ठेवायची सोय. आमच्या ऑपरेशनच्या कात्र्या बघ. वर्षानुवर्षं उघडझाप करतात. त्यांना कोण ग्रीस लावतं? धातू स्वच्छ असला की आपोआप चालतो.”

कात्री आणि चाक यांतला फरक ज्याला दाखवून द्यावा लागतो त्याला तो दाखवूनही दिसत नाही, एवढं शहाणपण तिला या संसाराने दिलं होतं. ती आत जाऊन आंघोळीला लागली, नाहीतर तेही ऐकावं लागलं असतं.

शनिवारी तो ड्यूटीवर गेला आणि घरी आला तो हातात हिरव्या कापडाचं पुडकं घेऊन. ऑपरेशनची अवजारं बांधतात तसंच, चारी टोकं आत दुमडलेलं आणि वर टेप लावलेलं. त्या टेपवर वाफ बसली की काळ्या रेघा उमटतात, आणि रेघा उमटल्या की आतलं सगळं निर्जंतुक झालं असं समजायचं. रेघा उमटलेल्या होत्या.

“हे काय आणलंत?”

“बेअरिंगं,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की जणू कुणाचं तरी मूत्रपिंड बदलून आला होता. “शेवटच्या फेरीत जागा होती. लावून घेतली.”

आधी तिला हसू फुटलं. रोग्यांच्या कात्र्या-चिमट्यांबरोबर मोटरसायकलची बेअरिंगं वाफ घेत बसलीत, हे डोळ्यांसमोर आलं आणि तिला हसू आवरेना. मग सोमवार आठवला आणि हसू तिथेच वाळलं. तिने स्वयंपाकघरात जाऊन भावाला फोन लावला. तो कुठल्याशा विहिरीवरचा पंप काढायला बाहेरगावी गेला होता, सोमवारी संध्याकाळी परतणार होता. तिने सगळं सांगितलं.

“ताई,” भाऊ म्हणाला, “हसू की रडू ते नंतर ठरवतो. त्यांना एवढंच विचार की परत बसवताना ग्रीस भरलं का. भरपूर भरायला पाहिजे. कोरडं असेल तर गाडी दारातून बाहेर काढू नका.”

तिने अंगणात येऊन विचारलं. नवरा चाक बसवत होता, आणि खरोखर, चाकाच्या तारा नव्या भांड्यांसारख्या चमकत होत्या.

“भरलंय म्हणावं,” तो म्हणाला.

“नक्की?”

“सांगितलं ना, भरलंय. आता त्याची परवानगी घेऊन श्वास घ्यायचा का मी?”

तिने फोनवर तसं सांगितलं. तिचा विश्वास बसला. नवरा चक्रम होता, शिष्ट होता, दीडशहाणा होता, पण खोटं तो कधी बोलला नव्हता. वाफेच्या यंत्राची एखादी फेरी बिघडली तर तो स्वतः जाऊन सर्जनला सांगायचा आणि बोलणी खायचा. त्याचं दुसरं काही नाही तरी शब्द तेवढा धुतलेला असतो, अशी तिची समजूत होती.

सोमवारी सकाळी ती हेल्मेट घालून मागे बसली. रस्ता मोकळा होता. शहर संपेपर्यंत गाडी नीट चालली. बायपास लागला तसा मागच्या चाकातून बारीक आवाज यायला लागला, उंदीर चिरकावा तसा.

“अहो, आवाज येतोय.”

“साफसफाई झाली की येतो. दोन दिवसांत बसेल.”

“थांबवून बघा तरी.”

“तुला वेळेत पोचायचंय ना?”

आवाज आधी वाढला, मग खरखरीत झाला, आणि मग मागचं चाक डावी-उजवी डोलायला लागलं. तिने नवऱ्याच्या सदऱ्याला घट्ट धरलं. पुढच्या क्षणी काहीतरी कडकडून मोडलं, चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी आडवी झाली. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. ती उजव्या हातावर पडली आणि रस्त्याच्या कडेच्या खडीत घसरत गेली.

तो आधी उठला आणि तिच्याकडे धावत आला, हे मान्य करायला हवं. गाडीकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. पण येऊन त्याने काय केलं? खिशातून रुमाल काढला आणि तिच्या कोपराला लागलेली माती टिपायला लागला.

“हलू नकोस. आधी स्वच्छ करू दे. माती आत राहिली तर पिकेल.”

“मला उठवा.”

“थांब गं, बाटलीतलं पाणी आणतो. असं उघडं ठेवून चालणार नाही.”

“पाळी सुरू होईल. उठवा मला.”

तो टिपतच राहिला. तिचं मनगट सुजून वर आलं होतं आणि हाडातून कळ खांद्यापर्यंत जात होती, ते त्याला दिसत नव्हतं. त्याला माती दिसत होती. तिने डावा हात जमिनीला टेकला आणि गुडघ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत एकटीच उभी राहिली.

मागून एक टेम्पो येऊन थांबला. जुन्या इमारतीतल्या वॉर्डांच्या मळक्या चादरी नव्या लॉन्ड्रीत पोचवायला त्याच दिवशी सुरू झालेला. ड्रायव्हर तिला चेहऱ्याने ओळखत होता.

“मावशी, काय झालं हो?”

“लॉन्ड्रीत सोड मला. आत्ता.”

“पुढे साबणाची पिंपं आहेत. मागे बसावं लागेल, गाठोड्यांवर.”

“चालेल.”

“त्या गाठोड्यांवर?” नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. “रोग्यांच्या चादरी आहेत त्या. उघड्या जखमेने तू त्यांच्यावर बसणार?”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. खडीत उभा असलेला, मास्क गळ्यात लोंबणारा, हातात लाल-काळा झालेला रुमाल धरलेला हा माणूस. एवढ्या वर्षांत तिला त्याचा राग आला होता, लाज वाटली होती, कंटाळा तर नेहमीचाच. आज पहिल्यांदा तिला त्याच्यात लक्ष देण्यासारखं काही आहे असंच वाटेना.

“तुम्ही गाडी पुसा,” ती म्हणाली आणि ड्रायव्हरच्या आधाराने मागे चढली.

गाठोड्यांना औषधांचा, घामाचा आणि आजारपणाचा ओळखीचा वास येत होता. तिने दुखरा हात पोटाशी धरला आणि एका गाठोड्यावर रेलली. त्या वासात तिची अर्धी हयात गेली होती आणि त्या वासाने तिचं आजवर काही वाईट केलं नव्हतं.

नव्या लॉन्ड्रीच्या दारात मुकादमबाई उभ्या होत्या. तिला टेम्पोतून उतरताना पाहून त्या पुढे आल्या.

“अगं बाई, हाताला काय झालं तुझ्या?”

“आधी हजेरी लावा.”

“हात बघू दे आधी.”

“बाई, हजेरी.”

मुकादमबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि दारातूनच आत ओरडून हजेरी लावायला सांगितली. मग म्हणाल्या, “लागली. आता बस खाली, नाहीतर पडशील.” तेव्हा कुठे ती बसली आणि बसल्यावर रडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर लागलं, भरपगारी रजा मिळाली, आणि नोकरी राहिली.

संध्याकाळी भाऊ बाहेरगावाहून परस्पर घरी आला. भाड्याच्या टेम्पोत घालून आणलेली गाडी अंगणात पडून होती. त्याने मागचं चाक सोडवलं तसा बेअरिंगचा झालेला चुरा त्याच्या तळहातावर सांडला.

“जुनंच असणार ते,” नवरा दारातून म्हणाला. “लाइनमनने फसवलं आपल्याला.”

भावाने पुढचं चाक सोडवलं. त्यातलं बेअरिंग शाबूत होतं. ते त्याने काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि ताईच्या डाव्या हातात आणून ठेवलं. लखलखीत होतं ते, फटींमध्ये मात्र गंजाची बारीक तांबूस पूड धरायला लागलेली. ग्रीसचा कणसुद्धा नव्हता. तिने ते बोटाने फिरवलं, तर वाळू दातांखाली यावी तसं खरखरलं.

ती नवऱ्याकडे वळली. तो तिच्या हातातल्या बेअरिंगकडे पाहत होता. मग तो आत गेला आणि मोरीतला नळ सुरू झाला.

“ताई, मी बोलू का त्यांना?” भावाने विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “तू गाडी नीट कर. त्यांना कामावर जायला लागेल.”

भावाने नवी बेअरिंगं घातली, ग्रीस भरलं, वाकलेलं हँडल सरळ केलं. नवरा त्या गाडीवरून रोज कामावर जाऊ लागला आणि गाडी कधी कुठे अडली नाही. पुन्हा गाडीला पानाही लागला नाही. ती प्लास्टरातला हात उशीवर ठेवून घरी बसली. ज्या चोवीस तासांना ती भीत होती ते रजेपुरते का होईना वाट्याला आलेच. नवरा मात्र बदलला होता, म्हणजे बोलायचा बंद झाला होता. स्वयंपाक तो करायचा, भांडी तो घासायचा. ती बाहेरून आली तरी चपलांचा विषय निघेना. तिला ते काही बरं वाटलं नाही. पूर्वीचा नाकाने कांदे सोलणारा निदान ओळखीचा होता.

एका रविवारी त्याने तिचे केस धुतले. तिला मोरीत स्टुलावर बसवलं, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली, कोमट पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिलं. त्याची बोटं इतकी हलकी आणि इतकी बेताची होती की एक थेंबही डोळ्यांत किंवा पिशवीवर गेला नाही. आयुष्यभर धारदार, नाजूक वस्तू हाताळलेले ते हात. या हातांची तिला कीव आली, आणि कीव आल्याचा तिला संताप आला.

“मी भरलं नव्हतं,” तो पाठीमागून म्हणाला. “ग्रीस. तुझ्या भावाने सांगितलं म्हणून भरायचं, ते मनाला येईना. शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं होतं.”

“माहितेय मला.”

“मला वाटलं चालेल.”

“तुम्हाला काय वाटलं ते विचारलं नव्हतं मी. भरलं का, एवढंच विचारलं होतं.”

तो पाण्याचा तांब्या पुन्हा तिच्या डोक्यावर हळूच ओतू लागला. तिने डोळे मिटून घेतले. एकदा बोलून टाकल्यावर मन हलकं होतं म्हणतात, पण ते ज्याने बोलायचं त्याचं. तिच्या मनात काही हललं नाही. खोटारड्या माणसाने खरं सांगितलं, आता यात टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं?

प्लास्टर निघालं. कामावर जायच्या पहिल्या सकाळी ती डबा घेऊन बाहेर आली तर तो दारात गाडी सुरू करून उभा होता. आपलं हेल्मेट त्याने घातलं होतं आणि तिचं तिच्यासमोर धरलं होतं.

“तुझा भाऊ काल पुन्हा तपासून गेलाय,” तो म्हणाला. “मी कशाला हात लावलेला नाही. त्याला विचार.”

“गाडीवर माझा राग नाही,” ती म्हणाली. “मी टेम्पोने जाते. कोपऱ्यावर येतो तो, बोलून ठेवलंय मी.”

“रोज?”

“रोज.”

“पण दोघांनाही एकाच ठिकाणी जायचंय.”

“हो,” ती म्हणाली. “निघा तुम्ही. उशीर होईल.”

त्याने दुसरं हेल्मेट हँडलला अडकवलं, गाडीवर बसला आणि गल्लीतून निघाला. तिने दाराला कुलूप लावलं आणि कोपऱ्यावर जाऊन थांबली. लांबवर रस्त्याला तो दिसत होता, अगदी बेताच्या वेगाने जाताना. सीट सगळी रिकामी होती, तरी मागे कुणी बसलेलं असल्यासारखा तो पेट्रोलच्या टाकीला चिकटून, पुढे सरकून बसला होता. वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो तसाच बसलेला होता. मग टेम्पो आला आणि ती डबा सांभाळत वर चढली.